लष्करातले सायकलवाले काका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींत निवृत्तीनंतरच्या वाटा ठरलेल्या आहेत. कुणी ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला बसतो, कुणी पुण्याला मुलाकडे जाऊन नातू सांभाळतो, कुणी सराफ्यातून महाराज बाड्यापर्यंत फेरी मारून शहर किती बिघडलं याचा अहवाल घरी देतो. अलीकडे एक नवी जात निघाली आहे. व्यापार मेळ्यात मोटारीवर निम्मा रोड टॅक्स माफ झाला तरी ही मंडळी मोटार घेत नाहीत. सायकल घेतात, आणि ती चालवायला युरोपात जातात.

त्यातला एक नमुना घेऊ. नाव नको, गल्लीत त्यांना सगळे सायकलवाले काकाच म्हणतात. काका एजी ऑफिसातून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढले, आता स्वतःच्या सामानावर काढतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांच्या खोलीत मुक्कामाला गेला आहे. टूथब्रशची निम्मी दांडी त्यांनी करवतीने कापली, टॉवेलचा पंचा झाला आणि पंचाचा रुमाल. मग काकूंनी त्याच सामानात मेतकूट, चिवडा आणि मुरैन्याची गजक मिळून दोन किलोचा ऐवज घातला. त्यावर आक्षेप काढायची काकांची छाती झाली नाही.

काकांचे आदर्श मात्र भारी. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटर तुडवून 1928 मध्ये परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 साली विशीत असताना 159 दिवसांत 29,000 किलोमीटर कापले. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागलं, स्पेनमध्ये सुरा दाखवून तिला लुटलं. हे सांगताना काकांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती पाहून काकूंना काळजी वाटते. माणसाला अस्वल हवंय की काय!

तयारी किल्ल्यावर. उरवाई दरवाज्याचा चढ म्हणजे भल्याभल्या गाड्यांची परीक्षा. दोन्ही बाजूंच्या कड्यांत तोमरांच्या काळातले तीर्थंकर कोरलेले आहेत, आणि अर्ध्या चढावर काकाही तितकेच निश्चल होतात. वरून येणारा एखादा भाविक विचारतो, "अंकल, पंक्चर हो गई क्या?" काका हवा नसलेल्या माणसाच्या आवाजात "नहीं" म्हणतात.

खरा चढ पुढेच असतो, व्हिसाचा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो. काकांच्या हिशेबाने तेवढ्यात अर्धी गल्ली दवाखान्यात राहून येईल. शिवाय रोज रात्री कुठे उतरणार तेही लिहायचं. "जिथे अंधार पडेल तिथे" हे उत्तर खरं असलं तरी रकान्यात बसत नाही. मग सायकल खोक्यात भरायची. चाकं निघाली, हँडल वळलं, उजवं पेडल निघालं, डावं काही केल्या सुटेना. काका पान्यावर उभे राहिले, शेजारी बोलावले. शेवटी कोपऱ्यावरचा मिस्त्री आला, म्हणाला, "बाबूजी, लेफ्ट की चूड़ी उल्टी होती है," आणि एका झटक्यात पेडल त्यांच्या हातात ठेवून गेला. डाव्या पेडलचे आटे उलटेच असतात. नाहीतर चालता चालता ते सैल होऊन गळून पडेल. पस्तीस वर्षं हिशेब तपासलेल्या माणसाला हे तर्कशास्त्र फार आवडलं.

आणि एवढं सगळं करून काका गेले कुठे, तर डॅन्यूबकाठी. जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनेकशे किलोमीटरची ही वाट जवळपास सपाट आहे, आणि आहे तो उतार नदीबरोबर तुमच्याच बाजूने. उरवाईवर घाम गाळलेल्या माणसाचा हा केवढा अपमान! सत्तरीच्या आज्या बॅटरीच्या सायकलीवरून घंटी वाजवत पुढे निघून जात, आणि वर हसून हातही करत.

हाल अजिबातच झाले नाहीत असं नाही. पहिल्याच आठवड्यात हँडलवर भार पडून करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, सदऱ्याची गुंडी लागेना. बैठकीचं जे झालं त्यावर काकूंचं खोबरेल हाच उपाय. रविवारी सगळी वाणसामानाची दुकानं बंद असतात हे रविवारीच कळलं, आणि तो दिवस मेतकूट पाण्यात कालवून काढला. पाणी संपलं की गावची दफनभूमी गाठायची, फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच, हा तिकडच्या सायकलस्वारांचा शिरस्ता. पिऊ नका अशी पाटी नसली की झालं. काका नळापाशी बराच वेळ रेंगाळले, मनातल्या मनात आपल्या आजीची क्षमा मागितली आणि दोन बाटल्या भरल्या. घरी हा भाग ते सांगत नाहीत.

सांगतात ते जर्दाळूंचं. जुलैत वाटेवरच्या वाखाउच्या खोऱ्यात रस्त्याकडेला टेबलं मांडलेली असतात. जर्दाळूच्या टोपल्या, भावाची पाटी, पैसे टाकायला डबा. विकणारा नाही, पावती नाही, डब्याला राखणही नाही. काका समोरच्या बाकावर बसले. आज ना उद्या कुणीतरी गफलत करणारच, आणि ती आपल्या नजरेतून सुटता कामा नये. लोक आले, पैसे टाकले, काहींनी तर सुटे नव्हते म्हणून जास्तच टाकले. ऊन कलल्यावर एक शेतकरीणबाई आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याकडे पैसे नसावेत. तिने ओंजळभर जर्दाळू त्यांच्या हातात दिले आणि पैसे काही घेतले नाहीत. त्या ओंजळीचा खर्च वहीत कोणत्या खात्यावर टाकायचा, हे काकांना अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या खेपेला पामीर, असं काकांनी जाहीर केलंय. तिथली अक-बैताल खिंड 4,655 मीटरवर आहे, म्हणजे तेव्हा हाल पक्के. काकूंनी मात्र परस्पर ठरवलंय की डॅन्यूबच, आणि दोघांनी. त्यांना बॅटरीची सायकल हवी आहे. एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात चढवू देत नाहीत, हा नियम काकांनी मोठ्या आनंदाने वाचून दाखवला. "माहितीये," काकू म्हणाल्या, "पासाऊला भाड्याने मिळते. मी विचारून ठेवलंय."