एकोणऐंशी की एकोणनव्वद?

आत्याचा फोन जेवणाच्या वेळी आला की प्रिंटर रुसलाय असं समजावं. सकाळी आला तर पेन्शनची वेबसाइट. रात्री दहानंतर आला, तर काहीतरी ‘आपोआप गेलेलं’ असतं. “मी कश्शाला म्हणून हात लावला नाही रे,” असं ती आधीच सांगून टाकते. मी अजून काही विचारलेलंही नसतं.

संगणकाच्या धंद्यात केस पिकवल्यामुळे नात्यातली सात घरं माझ्याकडे बांधून दिलेली आहेत, पूर्वी भटजींकडे असायची तशी. दक्षिणा म्हणजे दिवाळीत चकल्यांचा डबा, तोही परत द्यायचा. बरीच वर्षं मी फोनवरूनच नाडी बघत होतो. “स्क्रीनवर काय दिसतंय?” “नेहमीचंच.” “खाली उजव्या कोपऱ्यात काय आहे?” “तुळशीचा फोटो.” तो फोटो टेबलावर होता, हे कळायला सहा मिनिटं गेली. शेवटी पुण्यात बसून आत्याच्या सांगलीतल्या पडद्यावर माऊस हलवता येईल असं एखादं रिमोटचं सॉफ्टवेअर निवडायचं ठरवलं.

पर्याय ढीगभर. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आहे, पण होम आवृत्तीच्या मशीनवर त्यातून बाहेरच्याला आत घेता येत नाही. नाव होम, आणि घरी पाहुणा बोलवायची सोय नाही! दुसऱ्या एका नावाजलेल्या टूलला माझाच संशय आला. सात वेगवेगळ्या मशीनवर जातोय म्हणजे हा धंदा करतोय, असं ठरवून ते दर पाच मिनिटांनी मला हाकलू लागलं. चकल्यांचा डबा पुरावा म्हणून कुठे जोडायचा, ते त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हतं.

या टूलांची करामत मात्र मानायला हवी. घरच्या राउटरचं दार बाहेरून उघडत नाही, आतून उघडतं. म्हणून आत्याचं मशीन आणि माझं मशीन दोघंही आपापल्या घरातून बाहेर पडून मधल्या एका सर्व्हरकडे जातात आणि तिथे त्यांची गाठ पडते. जुन्या काळचं वधूवर सूचक मंडळच. फक्त ओळख पटवायला एक नंबर लागतो. तो तिच्या पडद्यावर येतो आणि तिने मला वाचून दाखवायचा असतो. माझं घोडं इथेच अडलं.

आत्या चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. नऊ आकडी नंबर तीन-तीनच्या गटात छापलेला असतो, आणि तिच्या लेखी ते तीन आकडे नसून एक संख्या असते. तिने खणखणीत आवाजात वाचलं, “पाचशे एकोणऐंशी!” मी टाइप केलं ५८९. “आठशे त्र्याण्णव!” मी ८७३. पलीकडून मशीन म्हणे असा पत्ताच नाही.

“आत्या, एकेक आकडा वाच ना. पाच, सात, नऊ.”

“का? तुला एकोणऐंशी येत नाही?”

खरं सांगायचं तर येत नाही. एकोणसाठपर्यंत मी धीराने जातो. पुढे एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ही तिघं भावंडं एकाच रंगाचे सदरे घालून उभी राहतात. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसला ‘वीस सात’ असंही म्हणायची पद्धत आली. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उठला! मीही तावातावाने मराठीच्या बाजूने बोललो होतो. आत्याने ‘आठशे त्र्याण्णव’ तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा मी मनातल्या मनात नारळीकरबाईंची माफी मागितली.

क्रोम रिमोट डेस्कटॉपचा कोड तर बारा आकडी, आणि पाच मिनिटांत शिळा. बारा आकडे म्हणजे आत्याच्या भाषेत खर्वांचा हिशोब. तिने खरोखरच खर्वापासून सुरुवात केली, दशअब्जावर तिचा स्वतःशीच वाद झाला, तोवर कोड वारला.

मग मी कायमच्या पासवर्डची युक्ती काढली. एकदा बसवून टाकायचा, नंतर नंबरबिंबर काही नको, मी आपला थेट आत. आत्या क्षणभर गप्प राहिली. “म्हणजे मी देवळात गेले असताना तू येऊन बसणार?” “फक्त दुरुस्तीला, आत्या.” “न विचारता घरात मांजर येतं,” ती म्हणाली, आणि विषय संपला. विचारून गेलो तरी ती आधी “थांब, आवरते,” म्हणून डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये कोंबते. दुसऱ्या दिवशी त्याच फाइली हरवल्या म्हणून फोन.

शेवटी विंडोजचं क्विक असिस्ट घेतलं. त्याचा गुण एवढाच, की त्यात उलटं असतं. कोड मदत करणाऱ्याच्या पडद्यावर येतो आणि समोरच्याने तो टाइप करायचा. म्हणजे वाचणार मी, एकेक करून. “असं काय भिक्षुकासारखं सुटं सुटं वाचतोस,” अशी कुरकुर झाली, पण मी आत पोहोचलो. पोहोचलो, आणि माझा पडदा काळा झाला. विंडोज ‘या प्रोग्रॅमला बदल करू देऊ का’ असं विचारतं, तेव्हा तो प्रश्न पाहुण्याला दाखवत नाही. “आत्या, तिथे होय-नाही विचारतंय का?” “विचारत होतं. मी नाही म्हटलं. अनोळखी माणसाला मी नाहीच म्हणते.”

हे मात्र मीच तिला पढवलेलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच एका रिमोट ॲपचं नाव घेऊन सावध केलं होतं. दोष ॲपचा नव्हता. चोरच गोड बोलून त्याचा नंबर काढून घेत आणि फोनमधून खात्यात शिरत. ते कात्रण आत्याच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे.

म्हणूनच परवा तिने सहज सांगितलं, तेव्हा मी घास टाकून उभा राहिलो. वीजबिल भरलं नाही, आज रात्री लाइट कापणार, असा फोन आला होता. एक ॲप टाका आणि त्यातला नंबर सांगा.

“आणि तू सांगितलास?”

“सांगितला की. सातशे एकोणऐंशी म्हटलं. तो म्हणे, आंटी, एक-अस्सी? म्हटलं, एक-अस्सी नव्हे, एकोणऐंशी. ऐंशीला एक उणा. मग त्याला एकोणीसपासून सगळे एकोण म्हणून दाखवले. म्हणायला लावले.”

“आत्या, पैसे?”

“पैसे कुठले? एकोणपन्नासपर्यंत बरा आला होता. साठाला फोनच ठेवला मेल्याने.”