किलोमीटरशेठ

पहाटे साडेपाचला दास्तान फाट्याच्या बाजूनं बंदराकडे ट्रेलरांची रांग लागलेली असते, कंपनीच्या बसची वाट बघणारे डोळे चोळत उभे असतात, आणि या दोघांच्या मधून, रस्त्याची कडा धरून, एक पोपटी चकाकता टी-शर्ट सावकाश पुढं सरकत असतो. त्याच्या आत किलोमीटरशेठ असतात. उरण-पनवेलकडे माणूस चाळिशीला आला की शेठ होतोच, त्यासाठी धंदा करावा लागत नाही. ‘किलोमीटर’ ही पदवी मात्र कमवावी लागते. जासईत हल्ली दर आळीत एखाद्यानं तरी ती कमावलेली आहे.

शेठ मूळचे असे नव्हते. कंटेनर यार्डात सुपरवायझर. घर ते यार्ड बुलेट, यार्डात खुर्ची आणि लग्नसराईत दिवसाआड कुणाची तरी हळद. हळदीला गेलेला माणूस उपाशी परत येत नाही हा आगरी समाजाचा अलिखित कायदा, आणि शेठ कायदा पाळणारे. मग कंपनीच्या तपासणीत साखर ‘बॉर्डरवर’ निघाली. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी भरभर चाला, सायकल चालवा, काहीही करा. जागतिक आरोग्य संघटनाही मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटंच सांगते. शेठनी जागच्या जागी सातानं भाग दिला. उत्तर एकवीस मिनिटं आणि वर थोडं. “एवढंच? एवढा टाइम तर मला दाढीला लागतो!”

त्या रात्रीपासून खरेदी सुरू झाली. एकवीस गिअरची सायकल, हेल्मेट, गादीवाली चड्डी, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, पाणी थंड ठेवणारी बाटली. पहिल्या आठवड्यात घाम आला तो फक्त डिलिव्हरीवाल्या पोराला.

सायकलवर बसल्यावर पहिला प्रश्न गुडघ्यांचा आला. पाय टेकले पाहिजेत म्हणून शेठनी सीट खाली घेतली होती. पेडल मारताना गुडघे पोटाला भेटून परत जात. नाक्यावरच्या सायकलवाल्यानं त्यांना भिंतीला धरून बसवलं, टाच पेडलवर ठेवायला लावली, पेडल सगळ्यात खाली नेलं आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर काढली. “आता चवड्यानं मारा,” एवढंच तो म्हणाला. फुकट मिळालेला हा सल्ला घड्याळाच्या किमतीहून मोलाचा होता. शेठनी तो पुढं सगळ्यांना स्वतःचा शोध म्हणून सांगितला.

सायकलवाल्याकडे मग वरचेवर जाणं होऊ लागलं. बंदराच्या रस्त्यावर कडेनं सायकल चालवणाऱ्याचा खरा वैरी ट्रेलर नसतो. ट्रेलरचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात आणि त्यातली केसाएवढी पोलादी तार सायकलच्या टायरमध्ये शिरून बसते. सायकलवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो, बुडबुडे दाखवतो, भोकाभोवती घासतो, सोल्यूशन लावतो, ठिगळ बसवतो. पण टायर चढवायच्या आधी आतून चिंधी फिरवायला विसरत नाही. चिंधी जिथं अडकते तिथं तार. ती काढली नाही तर दुसरं पंक्चर घर गाठायच्या आत. शेठ ती तार चिमटीत धरून फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. खाली मजकूर: ‘हार मानणार नाही.’

पळण्याची कथा निराळी. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं १९९६ साली आपल्या आईला पळतं करण्यासाठी नऊ आठवड्यांचा एक आराखडा बनवला. आज जगभरचे नवखे धावक त्यावरच चालतात. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं; आठवड्यातून तीनच दिवस. यार्डातल्या एका पोरानं तो शेठच्या फोनवर टाकून दिला. साठ सेकंद हा आकडा शेठना अपमान वाटला. पहिल्याच दिवशी ते घरातून निघाले ते थेट पळतच, आणि थेट कठड्यावर बसले. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी चौकशी केली, “कला पलतंस रं? मागं कुत्रा लागलाय काय?” पुढचे चार दिवस नडग्या एवढ्या दुखल्या की जिना उतरताना शेठ उलटे उतरत. पाचव्या दिवशी साठ सेकंद मान्य झाले.

दम आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात. नडगीचं हाड आणि टाचेची शीर यांना महिने लागतात. नवखा माणूस दम टिकला म्हणून पळत राहतो आणि हाडाला ते झेपत नाही. शेठच्या बाबतीत मात्र निसर्गानंच सोय करून ठेवली आहे. नवख्यानं बोलता येईल इतक्याच वेगानं पळावं असं सगळे प्रशिक्षक सांगतात, आणि शेठना न बोलता राहताच येत नाही. जमिनीचे भाव, पुतण्याचं लग्न, विमानतळाचं नाव, सगळं पळता पळता. त्यांच्याइतका हा नियम काटेकोर पाळणारा धावक पंचक्रोशीत नसेल.

अटल सेतूचा विषय निघाला की मात्र वेग वाढतो. २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा समुद्रावरचा हा पूल शिवडीहून निघून जासईच्या अंगणात, चिर्ल्याला उतरतो. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. पण त्यावर सायकलच काय, मोटारसायकल आणि रिक्षालाही बंदी. म्हणजे एकवीस गिअरच्या सायकलनं एकवीस किलोमीटरच्या पुलाकडे नुसतं बघायचं. त्यात १८ फेब्रुवारी २०२४ ला वाहनं थांबवून त्याच सेतूवर मॅरेथॉन झाली. शेठ सगळ्यात छोट्या गटात होते. तेव्हापासून ते त्याला ‘आपला ब्रिज’ म्हणतात. तिथं पळण्यापेक्षा सेल्फीलाच जास्त वेळ गेला, हे घड्याळाला ठाऊक आहे.

घड्याळाचं आणखी एक दुखणं म्हणजे दहा हजार पावलं. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. २०१९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात वयस्कर स्त्रियांना मिळणारा फायदा साडेसात हजारांच्या आसपास स्थिरावलेला दिसला. शेठना हे कुणी सांगत नाही. रात्री पावणेअकराला उरलेली चारशे पावलं ते सोफा आणि टीव्हीच्या मधून पूर्ण करतात. “आवो, बाजूला व्हा, मालिका संपंल!”

शेठचे वडील काळ्या बिनगिअरच्या सायकलवर मिठागरावर जायचे. कॅरिअरला डबा, दांडीवर शाळेला निघालेले छोटे शेठ. मग १९७० साली सिडको आली, १९८९ साली बंदर सुरू झालं, शेतं गेली, मिठागरं गेली. मोबदल्याची लढाई याच गावच्या दि. बा. पाटलांनी उभी केली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा कुठं पुढं गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. जमिनीबरोबर रोजचा घामही संपादित झाला होता, त्याचा मोबदला मागायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता शेठ तो घाम हप्त्यानं फेडतात, आणि उलव्याच्या रुंद रस्त्यावर पळायला बुलेटवरून जातात. धावपटू अविनाश साबळेही बीडच्या मांडव्यात लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायचा आणि पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळला, हा त्यांचा आवडता दाखला. “तो शालेत बुलेटवरून नाय गेला,” बायको म्हणते.

औषध खरं तिच्याकडेच आहे. एका रविवारी तिनं शेठना सायकलवरून गिरणीत पिटाळलं, तिथून बोंबलाला, तिथून लाइटचं बिल घेऊन भावाकडे. गिअर न मोजता, ठोके न बघता तासभर पाय चालले, आणि शेठना थकल्यासारखंही वाटलं नाही. घरी येऊन बघतात तो फोन चार्जिंगला. एवढे किलोमीटर ॲपमध्ये नाहीत म्हणजे झालेच नाहीत! त्यांचा चेहरा बघून तिनं पिशवी पुन्हा हातात दिली. “जा, कोथिंबीर राहिलीच हाय. आणि या खेपेला फोन घेऊन जा.”