डमरूवाले आप्पा

माझे सासरे, आमचे आप्पा, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून भाजी आणायची असली तरी ते मोहिमेवर निघाल्यासारखे निघतात. माझ्या लेकीच्या, ओवीच्या, दीड महिन्याच्या डोसाला तर त्यांच्या पिशवीत डमरू, शिट्टी, तीन दुपटी, थर्मास आणि बामची बाटली होती. जायचं होतं गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात. पिशवी बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "गावाला का?"

आप्पांचं म्हणणं असं, की लेकराला धीर आधी द्यावा, सुई नंतर. ओवी रांगेत गाढ झोपली होती. झोपेत धीर कसा देणार? म्हणून त्यांनी तिला उठवलं. "घाबरायचं नाही हं! १४ जून १८०२, मुंबई. तीन वर्षांची ॲना डस्टहॉल. हिंदुस्थानात देवीची पहिली लस तिला टोचली. रडली का? नाही!" ती रडली की नाही, हे आप्पांना कोणी सांगितलं कोण जाणे. मग हाफकिन आले. प्लेगची लस त्यांनी १८९७ साली मुंबईतच आधी स्वतःला टोचून घेतली होती. हे सांगताना आप्पांची पाठ सुईकडे होती. रांगेतल्या चारही आया मात्र मन लावून ऐकत होत्या. रांग पुढे सरकली तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

सिस्टर निवांत बाई. आधी पोलिओचे दोन थेंब, मग रोटाचा डोस. तोंडात गोड पडल्यावर ओवी जीभ चाटत राहिली. "ताई, आडवं नका ठेवू. मांडीवर उभं धरा, छातीशी. झालं की लगेच पाजा." दोन्ही मांड्यांत एकेक आणि उजव्या दंडाला एक, अशा एकूण तीन सुया. पहिली टेकली आणि नेमका त्याच क्षणी, कानापासून वीतभर अंतरावर, डमरू कडाडला. ओवीनं जो टाहो फोडला, त्यात सुईचा वाटा किती नि डमरूचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

"हाण! टेबलाला हाण! सिस्टरला हाण!" आप्पांनी ओवीची चिमुकली मूठ धरून टेबलावर आपटली.

"आजोबा, टेबलानं काय केलंय?" कटरमध्ये सुई तोडता तोडता सिस्टर म्हणाल्या.

मी पदराखाली घेतलं. दहा-पंधरा घोट, दोन हुंदके, की सगळं शांत. आप्पा रांगेकडे वळून म्हणाले, "डमरूचा गुण!"

डोसानंतर अर्धा तास तिथंच बसवतात. आप्पांनी हळूच बामची बाटली उघडली. आतल्या खोलीतून, मान वर न करता, आवाज आला, "चोळायचं नाही, शेकायचं नाही, काही लावायचं नाही. सूज वाटली तर गार पाण्याची घडी ठेवा." बाटली उघडलीच होती, म्हणून आप्पांनी बाम स्वतःच्या कपाळाला लावला.

रात्री अंग तापलं. पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याची लस असते, तिनं ताप येतो आणि दोनेक दिवसांत उतरतो, हे सिस्टरनी बजावून सांगितलं होतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचे थेंबही लिहून दिले होते. पण आप्पांच्या तळव्याला थर्मामीटरपेक्षा दोन डिग्री जास्तच लागायचं. "ताप आला म्हणजे लस लागली," असं ते मला समजावत आणि पाच मिनिटांनी पुन्हा कपाळ चाचपत. (ताप न येणाऱ्या बाळांनाही लस तेवढीच लागते, पण रात्री दोन वाजता सासऱ्यांशी वाद कोण घालणार?) खासगी दवाखान्यातली ती 'न दुखणारी' का नाही घेतली, हा प्रश्न माझ्या आईनं फोनवर विचारला. तेव्हा आप्पांनी तिलाही हाफकिन सांगितले. पहाटे मला जाग आली ती कसल्याशा बारीक आवाजानं. आप्पा पाळण्याशी बसून, ओवी दचकू नये म्हणून, रुमालात गुंडाळलेला डमरू हलवत होते. ओवी झोपलीच होती.

अडीच महिने, साडेतीन महिने, तीच पिशवी, तोच कडकडाट. फक्त ॲना डस्टहॉल दर खेपेला थोडी आणखी शूर होत गेली.

मग नववा महिना पुरा झाला. गोवर-रुबेलाची लस, शिवाय अ जीवनसत्त्वाचा चमचा. ओवीला आता माणसं कळू लागली होती. सकाळी आप्पांनी टोपी घालून पिशवी खांद्याला लावली मात्र, तिचा खालचा ओठ बाहेर आला. मला वाटलं, भूक असेल. दवाखान्यात पोचल्यावर सिस्टरकडे बघून ती गोड हसली, त्यांच्या ओळखपत्राची फीत ओढून चघळू लागली. लसी अजून बर्फाच्या डब्यातच होत्या. तेवढ्यात आप्पांनी पिशवीत हात घातला. डमरूचं नुसतं टोक दिसलं, तोच ओवीनं असा भोंगा लावला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. आप्पा पुढे झाले, तशी ती सिस्टरच्या गळ्याला घट्ट बिलगली.

आप्पा डमरू हातात धरून तसेच उभे राहिले. सिस्टरनी तिला थोपटत दुसऱ्या हातानं कार्डावर पुढची तारीख लिहिली.

"सोळा महिने झाले की या, आजोबा. तेव्हा सुई तुम्ही टोचा, डमरू मी वाजवते."