टोकणारा मास्तर

आयुष्यात आपली चूक दाखवणारी माणसं बहुतेकदा उशिरा येतात. फ्लॅटचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला, की मग कुणीतरी म्हणतं, 'अरे, आधी मला विचारायचंस ना!' बॅकगॅमनच्या सॉफ्टवेअरमधला ट्यूटर मात्र वेळेवर येतो. तुम्ही सोंगटी हलवता, आणि फासे समोरच्याकडे जाण्याआधीच पडद्यावर चौकट उमटते: ही चाल वाईट आहे. फेरविचार करता, की तरीही हीच खेळता? 'तरीही हीच' या बटणाइतकं माणसाला ओळखून असलेलं बटण मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेलं नाही.

खेळ तसा जुना. बुद्धिबळ हिंदुस्थानातून इराणच्या दरबारात कोडं म्हणून गेलं, तिथल्या बुजुर्गमिहर वजिरानं ते सोडवलं आणि परतफेड म्हणून नर्द हा फाशांचा पट पाठवला, अशी पहलवी ग्रंथातली कथा आहे. हिंदुस्थानच्या पंडितांना तो काही उलगडला नाही, असंही ती सांगते. कथा इराणी आहे, तेव्हा एवढं चालायचंच. बॅकगॅमन त्याच कुळातलं. 24 घरं, दोघांच्या 15-15 सोंगट्या, दोन फासे. तुर्कस्तानात तावला आणि ग्रीसमध्ये तावली म्हणून तो कॉफीच्या टेबलांवर अजून रंगतो, आणि तिथं फुकट सल्ला द्यायला बघे असतातच. आपण रात्री एकटे बसून संगणकावर खेळणारे. आपल्या वाट्याला ट्यूटर.

या यांत्रिक मास्तरांचं घराणं मोठं गमतीदार आहे. 1979 साली हान्स बर्लिनरच्या 'बीकेजी' या प्रोग्रॅमनं माँटे कार्लोत जगज्जेत्या लुइजी व्हिलाला 7-1 असं हरवलं. नंतर बर्लिनरनंच डाव तपासले तेव्हा दिसलं, की चाली व्हिलाच्या जास्त चांगल्या होत्या, फासे मात्र यंत्राला अनुकूल पडले. आपल्या लेकराचं कौतुक चालू असताना त्याच्या उत्तरपत्रिकेतले लाल शेरे वाचून दाखवणारा हा बाप मला फार आवडतो.

पुढे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरोचा 'टीडी-गॅमन' स्वतःशीच खेळून शिकला. एका आवृत्तीनं त्यासाठी 15 लाख डाव खेळले. सुरुवातीलाच 4-1 पडलं, तर एका फाशानं आपल्या पाचव्या घरावर एकटी सोंगटी धाडसानं ठेवायची, अशी जाणत्यांची रीत होती. हे यंत्र त्याऐवजी सगळ्यात मागची सोंगटी एकच घर सरकवायचं. बघणाऱ्याला बिघाडच वाटावा अशी ती चाल. पण जाणत्यांनी तपासून पाहिली, आणि शेवटी स्वतःची रीत बदलली. तेव्हापासून प्रत्येक खेळाडूच्या मनात एक भीती घर करून आहे: समोर दिसतोय तो बग आहे, की आपलं अज्ञान?

माझ्या मते या प्रश्नाचा छडा लावण्यात खेळण्याइतकीच मजा आहे. नेहमीची तक्रार घ्या. खेळताना ट्यूटरनं टोकलं नाही. डाव संपल्यावर विश्लेषण लावलं, तर तीच चाल 'वाईट' म्हणून रंगवलेली. किंवा उलट. फुकट मिळणाऱ्या 'ग्नू बॅकगॅमन'मध्ये याचं उत्तर बहुधा सेटिंगमध्ये सापडतं. ट्यूटरनं खेळतानाची मोजपट्टी वापरायची की विश्लेषणाची, हे तिथं वेगळं ठरवता येतं. शाळेतले एकच सर मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या वही बघून 'छान' म्हणतात आणि घरी चहा घेत तीच वही तपासताना चार गुण कापतात, तसं हे. सर तेच, बैठक वेगळी. त्याशिवाय किती मोठ्या चुकीला टोकायचं याची पातळीही आपणच ठरवतो. फक्त 'अति वाईट' चालींना हटका असं सांगून ठेवलं, तर नुसत्या वाईट चालींना मास्तर गप्प राहणारच.

मग खोलीचा घोळ. यंत्र किती चाली पुढं बघतं ते 'प्लाय'मध्ये मोजतात, पण ग्नूवाले शून्यापासून मोजतात आणि 'एक्स्ट्रीम गॅमन' या दुसऱ्या प्रोग्रॅमवाले एकापासून. त्यामुळे याचे दोन प्लाय म्हणजे त्याचे तीन. दोन मास्तर भांडताहेत असं वाटतं, आणि प्रत्यक्षात एक तळमजला मोजतोय, दुसरा पहिला मजला. शिवाय दोन्ही फासे सारखे पडले की शक्य चालींची संख्या एवढी वाढते, की सगळ्या खोलवर तपासायला यंत्राला परवडत नाही. ते आधी वरवर चाळतं आणि निवडकच पुढे नेतं. मग यादीत चमत्कार दिसतो: खालच्या चालीला वरच्यापेक्षा जास्त गुण! बग नव्हे. खालचे गुण वरवरच्या तपासणीतले आहेत, वरचे कसून तपासलेले.

माझा सगळ्यात लाडका गोंधळ मात्र क्रॉफर्डचा. सामन्यात एखाद्याला जिंकायला एकच गुण उरला, की पुढचा एक डाव डबलिंगच्या, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करण्याच्या ठोकळ्याशिवाय खेळायचा, असा नियम आहे. जॉन क्रॉफर्ड या ब्रिजपटूच्या नावानं तो चालतो. आता नोंदवलेला सामना एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना 'हा क्रॉफर्डचा डाव' एवढी खूण गळून पडली, तर काय होतं? मागं पडलेल्या खेळाडूवर विश्लेषण पाळीगणिक ओरडतं: डबल करायला हवं होतं, अजूनही केलं नाहीस, आताही नाही! नियमानं मनाई केलेली गोष्ट न केल्याबद्दल माणूस पानभर शिव्या खातो. संसार केलेल्यांना याचं नवल वाटू नये.

या सगळ्यात एक धागा मला दिसतो. मास्तर क्वचितच खोटं बोलतो. तो बहुतेकदा वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत असतो. गुण वेगळे, नियम वेगळा, खोली वेगळी धरून त्यानं हिशेब केलेला असतो, आणि आपण तो आपल्या प्रश्नाला लावून चिडतो. नात्यातल्या वडीलधाऱ्यांचे सल्लेही तपासून पाहा. त्यांच्या काळच्या पटावर ते चोख असतात.

राहता राहिले फासे. सॉफ्टवेअर फाशांत लबाडी करतं, ही तक्रार बॅकगॅमनच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या नशिबी आहे. दोन फाशांच्या 36 शक्यता, त्यात दोन सहा पडण्याची एकच. ती नेमकी समोरच्याला मिळाली की संशय येतो, आपल्याला मिळाली की कौशल्य सिद्ध होतं. ग्नू बॅकगॅमनचे कर्ते या माणसांना ओळखून असावेत. त्यांनी एक सोय ठेवली: विश्वास नसेल, तर घरातले खरे फासे टाका आणि आकडे स्वतः भरा. शिवाय विश्लेषण कौशल्याबरोबर नशीबही आकड्यात मोजतं. नशीब फारच जोरात असेल तर लास वेगासला जा म्हणतं, फारच फुटकं असेल तर झोपायला जा. इतका प्रेमळ सल्ला आमच्या ज्योतिष्यांनीही कधी दिला नाही.

तेव्हा ट्यूटरनं टोकलं आणि पटलं नाही, तर लगेच मान तुकवू नका आणि लगेच प्रोग्रॅम पुसूनही टाकू नका. गुणफलक पाहा, क्रॉफर्डची खूण पाहा, ठोकळा कुणाच्या बाजूला आहे ते पाहा, दोन्हीकडची खोली जुळवा. तरीही शंका उरली तर त्या स्थितीचा रोलआउट लावा: यंत्र तिथून 1296 वेळा, म्हणजे 36 गुणिले 36 डाव खेळून निकाल सांगेल. आणि एवढं सगळं करूनही ते म्हणालं की चाल वाईटच होती, तर ती वाईटच होती. गुपचूप मान्य करा आणि पुढचे फासे टाका.