निरर्थक शब्दांचा नगरकर

भाचीला शिकायला अमेरिकेत जायचंय. त्यासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेच्या अभ्यासासाठी ती राहुरीहून आमच्याकडे नगरला सावेडीत आली आणि तिच्यामागोमाग इंग्रजी शब्दही मुक्कामाला आले. फ्रिजवर चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या. एक देव्हाऱ्याजवळ पोचली, तेव्हा आईने ती उलटी करून मागे दुधाचा हिशेब लिहिला. जीआरईतले विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 2011 सालीच बंद झाले. पण सेकंडहँड पुस्तकांना हे कोण सांगणार?

परवा बांधाच्या केसची तारीख होती म्हणून दाजी नगरला आले. तारीख मिळाली, म्हणजे पुढची. जेवण होतंय तोच भाची म्हणाली, "पप्पा, तुमची व्होकॅब टेस्ट घेते." मोबाइलवर एकेक अगडबंब शब्द येणार, माहीत असेल तर 'हो' दाबायचं, नसेल तर 'नाही'. अर्थ कुणी विचारत नाही. थोडक्यात ग्रामसभा: ठराव वाचायचा नाही, हात तेवढा वर करायचा. दाजींचा त्यातला अनुभव दांडगा. त्यांनी धडाधड 'हो' दाबलं.

निकाल वाईट लागला. अशा चाचण्यांत खऱ्या शब्दांमध्ये काही बनावट शब्द मुद्दाम मिसळलेले असतात. न कळता मान डोलावणारा तिथे बरोबर सापडतो.

"पप्पा, हे शब्द जगात नाहीतच!"

"तुझ्या पुस्तकात नसतील," दाजी शांतपणे म्हणाले आणि ताकाची वाटी बाजूला सारून परीक्षक झाले. "मुळा धरण किती टीएमसीचं?"

"सव्वीस." राहुरीच्या पोरीला एवढं येणारच.

"क्युसेक म्हणजे?" हेही आलं. "रिकव्हरी?" ती म्हणाली, आजारातून बरं होणं. दाजी खूश झाले. उसातून साखर किती टक्के निघाली ती रिकव्हरी, आणि तिच्यावर उसाचा भाव, एफआरपी, ठरतो, म्हणजे हिच्या अमेरिकेच्या तिकिटाचे पैसे! "बरं, टेल टू हेड?"

"शेपटीपासून डोक्यापर्यंत?"

कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला आधी पाणी द्यायचं आणि मग वर वर सरकायचं, ते टेल टू हेड. "आणि खरं काय होतं?" मी विचारलं. "हेडवाला रात्री मोटर टाकतो," दाजी म्हणाले. हा अर्थ ऑक्सफर्डवाल्यांनी अजून घेतलेला नाही.

माझं मत विचाराल तर शब्द किती येतात यापेक्षा कुठल्या शब्दाला पैसे अडकलेत ते पाहावं. माणूस तेवढेच नीट पाठ करतो. पण मामा म्हणून मला गावाची बाजू घेणं भाग होतं. मी किल्ला काढला. 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, कैदेत असताना, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नगरच्या किल्ल्यात लिहिलं. म्हणजे इंग्रजीला इथलं पाणी मानवतं.

"मामा, त्यांच्याकडे मोबाइल नव्हता," भाची म्हणाली.

तेव्हा मी हुकमाचा पत्ता टाकला. स्पाइक मिलिगन! वडील ब्रिटिश फौजेत, म्हणून 1918 साली जन्म झाला नगरला आणि थोडं बालपण गेलं पुण्यात. पुढे 1951 पासून बीबीसी रेडिओवर 'द गून शो' लिहून त्याने अख्ख्या इंग्लंडला खुळं केलं. खुद्द तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्याचे भक्त. लहान मुलांसाठी त्याने कविता केल्या, त्यांतली 'ऑन द निंग नँग नाँग' 1998 साली ब्रिटनमधल्या लोकांनी सर्वांत आवडती विनोदी कविता म्हणून निवडली. शीर्षकातले शेवटचे तिन्ही शब्द निव्वळ निरर्थक. 2001 साली राणीच्या सरकारने त्याला मानद नाइट केलं. आमच्या घरी मात्र तसल्याच शब्दांना 'हो' म्हटलं की माणूस नापास.

"म्हणजे ते बनावट शब्द आपल्या गाववाल्याचे," दाजींनी केस जिंकली. बांधाची नव्हे, ही.

त्या गाववाल्याचं शेवटचं काम तर कुठल्याही चाचणीत ठेवण्यासारखं आहे. 2002 साली तो गेला. 'मी आजारी आहे म्हणून सांगत होतो ना' अशा अर्थाचं वाक्य त्याला थडग्यावर हवं होतं. चर्चच्या मंडळींना ते इंग्रजीत पसंत पडेना. शेवटी आयरिश भाषेत कोरायला परवानगी मिळाली. आता इंग्लंडातल्या विंचेल्सी गावी त्या दगडासमोर अस्सल इंग्रज येऊन उभे राहतात, आणि एका नगरकराने काढलेल्या पेपरात नापास होऊन घरी जातात.