मालवणची पडवी

अपत्यजन्मापूर्वी पतिपत्नींनी एखाद्या रम्य स्थळी जाऊन काही दिवस केवळ परस्परांच्या सहवासात घालवावेत, असा प्रघात आपल्याकडे पूर्वी नव्हता. पूर्वी अशा प्रसंगी पत्नी माहेरी जाई, पती तिला पोस्टकार्डे लिही, आणि उभयतांच्या प्रेमाला जो काही बहर यावयाचा तो टपालखात्याच्या मर्जीने येई. हल्ली या सहलीला ‘बेबीमून’ असे नाव पडले असून, प्रवासी कंपन्या तिच्यासाठी मुन्नारपासून मालदीवपर्यंतची जी चित्रे दाखवतात त्यांतील दांपत्य नेहमी पाठमोरे, निर्मनुष्य किनाऱ्यावर, मावळत्या सूर्याकडे पाहत उभे असते. आमच्या कुटुंबास सहावा महिना लागला तेव्हा हे चित्र मी मनाशी धरले आणि त्यात एवढाच फेरफार केला की मालदीवच्या जागी मालवण घातले. कारण समुद्र तोच, माड तेच, आणि माशाचे सार निःसंशय सरस.

या प्रकरणी पहिला अर्ज डॉक्टरीणबाईंकडे गेला. गर्भारपणाचे मधले तीन महिने प्रवासाला सर्वांत सोयीचे, मात्र गचके बसतील असा रस्ता नको आणि तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसणे नको, असा शेरा मारून त्यांनी तो मंजूर केला. तेथून तो आमच्या मातुःश्रींच्या दफ्तरी दाखल झाला आणि कोणतेही कारण न देता नामंजूर झाला. त्यावर सौभाग्यवतींनी आपल्या मातुःश्रींकडे अपील केले. त्या माउलीने उभय पक्षांची बाजू ऐकून घेऊन, अमावास्या टाळावी, पपईकडे पाहूसुद्धा नये, डिंकाचे लाडू, ओवा, सुंठ आणि खोबरेल तेल ही शिधासामग्री निरपवाद बरोबर न्यावी, आणि ‘जावईबापूंनी उगीच हौस करू नये’, या शर्तींवर परवानगी दिली. शेवटच्या शर्तीचा अर्थ मी विचारला नाही. प्रत्येक कलमाखाली मुचलका लिहून देण्याच्या मनःस्थितीत मी त्या वेळी होतो.

गचके नकोत म्हटल्यावर महामार्ग आपोआपच बाद झाला आणि कोकण रेल्वे उरली. ही रेल्वे १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी संपूर्ण सुरू झाली, तीवर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत, आणि मुंबईहून सकाळी निघणाऱ्या मांडवी एक्सप्रेसमध्ये खाद्यपदार्थांची जी अखंड दिंडी डब्यातून फिरत असते तिची कीर्ती सर्वश्रुत आहे, ही सर्व माहिती मी पत्नीस खिडकीशी बसून हळूहळू, एकान्तात सांगणार होतो. परंतु आमच्या समोरच्या बाकावर एक कणकवलीच्या बाई येऊन बसल्या. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा त्यांनी केवळ ‘कितवा?’ एवढेच विचारले होते. गाडी पुन्हा उजेडात आली तेव्हा त्यांना पत्नीचा रक्तगट, मळमळीचा इतिहास, तिच्या आईच्या बाळंतपणाची हकीकत आणि माझा मासिक पगार हे सर्व ज्ञात झाले होते. त्यांच्याच हुकुमाने पत्नीचे पाय माझ्या आसनावर ठेवण्यात आले आणि मी दाराशी उभा राहून पानवलचा उंच पूल पाहिला. पूल प्रेक्षणीय आहे. त्या पुलावरून जाताना आपण विस्थापित झालो आहोत याची जाणीव मात्र मला झाली नाही. विस्थापिताला ती नेहमी उशिराच होते.

कुडाळास उतरून आम्ही रिक्षाने मालवण गाठले. चिवल्याच्या किनाऱ्यालगत एका कौलारू घरातील समुद्रावर उघडणाऱ्या खिडकीची खोली मी पत्रव्यवहाराने मुक्रर केली होती. घराच्या पुढे तुळशीवृंदावन, मागे विहीर, भोवती माड, आणि या सर्वांवर निरंकुश सत्ता चालवणाऱ्या एक वृद्ध विधवा बाई, ज्यांना सारी आळी माई म्हणे. माईंनी आमचे स्वागत केले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यांनी पत्नीचे स्वागत केले, तिच्या पावलांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग माझ्याकडे, म्हणजे दोन्ही हातांत सामान घेऊन अंगणात उभ्या असलेल्या इसमाकडे, वळून प्रश्न केला,

“चेडवाक सहावो लागलो आनि तू तेका घेवन गावभर फिरतस?”

सहलीची कल्पना, तिच्यामागील मानसशास्त्र आणि पाश्चात्त्य देशांतील वहिवाट मी त्यांना यथाशक्ति समजावून सांगितली. माईंनी ती सहानुभूतीने ऐकली. रात्रीचे जेवण झाल्यावर त्यांनी आपली वळकटी उचलली, ती समुद्रावर उघडणाऱ्या खिडकीखाली पसरली, आणि निकाल दिला, “राती-अपराती काय लागला तर तुका काय कळतला? मी झोपतंय हयसर. तू पडवेत झोप.”

मी साह्यासाठी पत्नीकडे पाहिले. तिने माईंच्या हातची सोलकढी दोनदा मागून घेतली होती, शिवाय माई तिच्या पोटऱ्यांना खोबरेल चोळण्याच्या तयारीत होत्या. अशा अवस्थेत मनुष्याची न्यायबुद्धी शाबूत राहत नाही. “अहो, पडवीत वारा छान येतो म्हणे,” ती म्हणाली.

पडवीत वारा खरोखरच छान येत होता. तेथे एक सुंभाचे बाजले, दुरुस्तीस काढलेली दोन जाळी, एक ओले वल्हे आणि त्या सर्वांचा कायदेशीर ताबा असलेला एक कुत्रा होता. समुद्र ऐकू येई. दिसत नसे, कारण मध्ये माझीच खोली होती.

पुढील दिवसांचा माझा मुख्य मनसुबा सूर्यास्ताचा होता. परंतु सूर्य ज्या वेळी अस्तास जातो तिलाच दुर्दैवाने तिन्हीसांजा म्हणतात, आणि तिन्हीसांजेला गर्भवतीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणे हा कोकणच्या अलिखित दंडसंहितेत कोणत्या प्रतीचा गुन्हा गणला जातो याची मला कल्पना नव्हती. आम्ही फाटकापर्यंत पोचतो न पोचतो तोच शेजारच्या अंगणातून एक, समोरच्या विहिरीवरून दुसरा आणि जिचे घर मला अद्याप सापडलेले नाही अशा एका बाईचा तिसरा, असे स्वर एकदम उठले: “तिनसांजेक दर्यार खय चललंस, बाय?” बाय परतली. मी एकटा जाण्यास कोणाचीच हरकत नव्हती. मला बाधा होईल अशी भीती कोणी व्यक्त केली नाही, किंबहुना झालीच तर ती बाधेला होईल असा एकंदर सूर दिसला.

तेव्हा किनाऱ्यावर मी एकटा गेलो. तेथे रापण ओढणे चालू होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांबलचक जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावरील दोन टोळ्यांच्या हाती असतात, आणि त्या मागे मागे सरकत दोर खेचत एकमेकींच्या जवळ येत जातात. या कामाला माणसे जितकी मिळतील तितकी थोडी, म्हणून रिकामे हात घेऊन सूर्य पाहत उभा राहणारा इसम तेथे फार काळ रिकामा राहत नाही. माझ्या हाती दोर आला. सूर्य नेमका माझ्या डोळ्यांसमोर, चित्रातल्याप्रमाणेच, लाल आणि भव्य, मावळत होता. पण सर्वांगाची ताकद टाचांत उतरवून ओला दोर खेचणाऱ्या माणसाला सौंदर्यदृष्टी फार वेळ सांभाळता येत नाही. माझ्या पुढच्या रापणकराने मान न वळवता विचारले, “वैनी बऱ्या आसत मा?” आमचे आगमन होऊन पुरते चोवीस तासही झाले नव्हते. ओढणाऱ्यास मासळीचा वाटा देण्याची रीत असल्याने मला थोडी तारली आणि बांगडे मिळाले, ते मी सदऱ्याच्या ओच्यात घालून घरी आणले. माईंनी ते पाहून प्रथमच माझ्याविषयी समाधान व्यक्त केले. मग त्यांनी मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन पत्नीची दृष्ट काढली. दर्यावरून मी आलो होतो, तरी दृष्ट तिचीच काढली गेली. बांगड्यांचे तिरफळ घातलेले सार मात्र पंक्तिप्रपंच न करता वाढण्यात आले, आणि त्याविषयी लिहिण्याचा मोह मी आवरतो, कारण त्या साराची स्तुती करू लागल्यास या लेखातील तक्रारीचा सूर टिकणार नाही.

सिंधुदुर्ग पाहिल्याखेरीज मालवण पाहिले असे होत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली. त्या मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावरील ज्या खडकापाशी झाली तो मोरयाचा धोंडा, त्यावर कोरलेल्या गणेश आणि चंद्रसूर्यांसह, आजही दाखवतात. त्या धोंड्यापर्यंत पत्नीस नेण्याची सनद मला दुपारच्या उन्हाअगोदर मिळाली. धक्क्यावर मात्र होडीवाल्याने तिला आपादमस्तक न्याहाळून हात आडवा केला. “वैनींका नको हां. चढाक-उतराक जमाचा नाय. तुमी जावन येवा, वैनींका आमी बगतंव.” धक्क्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांनी लगेच एक टोपली पालथी घातली, त्यावर फडके पसरले, आणि माझ्या पत्नीस तीवर स्थानापन्न केले. होडी सुटली. वैवाहिक सहलीतील सर्वांत रम्य जलप्रवास मी काही अनोळखी शाळकरी मुले आणि त्यांचे ड्रॉइंगचे मास्तर यांच्या समवेत केला.

किल्ला अलौकिक आहे. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचा विस्तार, पायात ओतलेले शिसे, आणि वळणे घेत जाणारा तट. त्या तटाच्या एका दुमडीत महाद्वार असे लपवले आहे की होडी अगदी तोंडाशी येईपर्यंत परक्याला वाट कोठून आहे ते उमगत नाही. आत श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे, ते राजाराममहाराजांनी बांधले; चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत; आणि चहूबाजूंनी खारे पाणी असता दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. इंग्रजांनी १७६५ साली हा किल्ला काबीज केला तेव्हा त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव ठेवले. ते नाव कोणाच्याही जिभेवर बसले नाही. पुढे किल्ला करवीरकरांकडे परत आला आणि ऑगस्टस जेथून आले होते तेथे गेले. या शेवटच्या प्रसंगाने मी विचारात पडलो, कारण अपत्याच्या नावांची एक यादी माझ्या खिशात होती. नवी, नाजूक, दीडअक्षरी नावे मी परिश्रमपूर्वक जमवली होती, आणि समुद्रकाठच्या निवांतपणी त्यांतून एक निवडण्याचा आमचा संकल्प होता.

खिसा चाचपला तो यादी नव्हती. ती पत्नीकडे राहिली होती, आणि मी तासाभराने धक्क्यावर परतलो तेव्हा तिचा निकाल लागून गेला होता. मासळीवाल्या बायांनी एकेक नाव मोठ्याने उच्चारून पाहिले होते, आणि कसोटी एकच लावली होती: उसळत्या दर्यात होडीवरून हाक मारली असता ती किनाऱ्यावर ऐकू जाते की नाही. माझे एकही नाव टोपल्यांच्या पलीकडे पोचले नव्हते. फोर्ट ऑगस्टसची कथा मी सांगू लागलो. “तेच तर त्या म्हणतात,” असे म्हणून पत्नीने मला बाजूला सरण्याची खूण केली, कारण सुरमईच्या भावाची घासाघीस ऐन रंगात आली होती. गेल्या तासाभरात ती चार आणि आठ आण्यांच्या भाषेत बोलणाऱ्या एका म्हातारीची मानलेली भाची झाली होती, किल्ल्यातील विहिरींच्या पाण्याविषयी तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते, आणि तिच्या केसांत अबोलीचा वळेसर होता.

यानंतर माझी प्रकृती सुधारली. अधिकार गेला की जबाबदारीही जाते, हे पेन्शनीत निघालेल्या मामलेदारांच्या चेहऱ्यावर मी पाहिले होते, आता पडवीत अनुभवले. सकाळी घावणे खावेत, दुपारी बाजल्यावर पडावे, संध्याकाळी रापणीला हात लावावा. जत्रेत रात्रभर चालणारे दशावतारी नाटक पाहण्यास माईंनी मला विनाअट परवानगी दिली. पत्नीस दिली नाही, कारण काळ्या पोशाखातला, लाल जीभ काढून येणारा संकासुर पोटातल्या पोराने पाहू नये. पहाटे मी परतलो तेव्हा खोलीतून दोन स्त्रियांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि त्यात माझे नाव स्पष्ट ऐकू आले.

निघण्याच्या दिवशी माईंनी पत्नीची ओटी भरली, खाजे, खडखडे लाडू आणि कोकमांची एक पुडी बांधून दिली, आणि बाळंतपणानंतर पोर तीन महिन्यांचे झाले की इकडे धाडून द्यावे असे बजावले. कोणाबरोबर, ते सांगितले नाही. मग त्यांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. खोलीचे भाडे लावलेच नव्हते, कारण माहेरवाशिणीकडून भाडे घेण्याची रीत नाही. तिच्या जेवणाचाही त्यात कोठे उल्लेख नव्हता. एकच कलम होते: ‘पावणो १, पडवी, जेवण, चाय जास्त.’ त्यातून रापणीच्या बांगड्यांची योग्य किंमत वजा केली होती.

मी पैसे मोजले. माईंनी ते घेऊन पत्नीच्या ओटीत टाकले.