वाढते अंग

कुमारवयीन मुलामुलींच्या आहाराचे दोन भाग पडतात. पहिला घरात शिजतो आणि डब्यातून परत येतो. दुसरा घराबाहेर शिजतो आणि परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना कुमारवय दहा ते एकोणीस असे धरते. महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात ते पाचवीला सुरू होते आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चालते.

या काळात शरीर घाईत असते. प्रौढ उंचीचा सुमारे पाचवा हिस्सा आणि हाडांच्या वस्तुमानाचा जवळजवळ निम्मा हिस्सा याच वर्षांत भरून निघतो. मुलींची घाई मुलांच्या साधारण दोन वर्षे आधी सुरू होते, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गफोटोत मागच्या रांगेत मुली उभ्या दिसतात. हा क्रम ठरवताना निसर्गाने घरात ताटे कोणत्या क्रमाने वाढली जातात याची चौकशी केलेली दिसत नाही.

सकाळच्या नाश्त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो बहुधा होत नाही. वयात येताना झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलते. शाळेची बस मात्र वेळ पुढे ढकलत नाही. मधल्या मध्ये पोहे राहून जातात. त्यांची भरपाई म्हणून कपभर दुधात तपकिरी पावडर ढवळून, दारात चपला घालणाऱ्याच्या तोंडाला लावली जाते. डब्याच्या पुढच्या बाजूला उंची आणि बुद्धी यांचे आश्वासन असते, साखरेचे प्रमाण मागच्या बाजूला असते, आणि डबा फळीवर नेहमी पुढून दिसतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नका असे बजावले. पावडर तीच राहिली, तिचा कप्पा बदलला.

शाळेच्या डब्यात पोळी-भाजी असते. पीठ पेरून केलेली सिमला मिरची सकाळी सातला घराबाहेर पडते, दप्तरात मराठी आणि भूगोलाच्या मधोमध बसून सगळे तास करते आणि दुपारी घरी येते. डबा हातात घेताच आईला वजनावरून सर्व समजते. मधल्या सुट्टीत मुलाने मित्राच्या डब्यातले नूडल्स खाल्लेले असतात. मित्राच्या आईला वाटते, आपला मुलगा निदान नूडल्स तरी संपवतो.

दुपारनंतर आहाराची सूत्रे क्लासकडे जातात. दोन बॅचच्या मध्ये विद्यार्थ्याला वीस मिनिटे आणि पन्नासाची एक नोट मिळते. या दोन्ही मर्यादांत बसणारे अन्न फार नाही, वडापाव बसतो. त्याचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे मानतात. गिरणीची पाळी आणि लोकल यांच्या मधल्या मिनिटांत उभ्या उभ्या खाता यावे, अशीच त्याची घडण आहे. गिरण्या बंद झाल्या. पाळ्या क्लासवाल्यांनी चालवायला घेतल्या. ज्याला वडापाव नको असतो तो शेझवान फ्रँकी घेतो, आणि दोघेही मिळून वीस रुपयांचे एनर्जी ड्रिंक घेतात. हे पेय लहान मुलांसाठी नाही, अशी सूचना बाटलीवर छापणे बंधनकारक आहे. ती वाचायला चाळिशी लागते, आणि चाळिशीवाले हे पेय पीत नाहीत.

शासन या प्रश्नाबाबत उदासीन आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला बंदी केली. २०२० मध्ये अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत असा नियम केला. पन्नास मीटर म्हणजे भुकेल्या आठवीला धावत दहा-बारा सेकंद. शिवाय नियमाचे मोजमाप फाटकापासून सुरू होते; क्लासला फाटक नसते, जिना असतो.

काय खाऊ नये हे अशा रीतीने निश्चित झाले. काय खावे हे ठरायला जरा वेळ लागतो आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे द्यायचे राज्याने २०२३ च्या अखेरीस ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबला आणि ज्या शाळांना अंडे द्यायचे असेल त्यांनी ते लोकसहभागातून द्यावे असे सुचवण्यात आले. ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत भूक लागत नाही असा काही निष्कर्ष निघाला असावा.

रात्रीचे जेवण मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण मुलगा आणि मुलगी एकाच वेळी, एकाच स्वयंपाकातून येथेच जेवतात. मुलाने तिसऱ्यांदा भात मागितला की आजी म्हणते, “वाढतं अंग आहे,” आणि भातावर तुपाची धार पडते. मुलीने दुसऱ्यांदा मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. घर सुशिक्षित आहे. फक्त कोणीतरी सहज विचारते, “यंदाचा युनिफॉर्म घट्ट होतोय का गं?” तिचा भात मग भांड्यातच राहतो आणि सकाळी फोडणी घालून दादाच्या बशीत येतो. रविवारी चिकन असते. कोंबडीला पाय दोन. एक बाबांचा, एक दादाचा. हा दोष सर्वस्वी कोंबडीच्या शरीररचनेचा असल्याने त्याबद्दल घरात कुणालाच बोल लावता येत नाही. मुलीच्या वाट्याला मान, पंख आणि “रस्सा घे ना, झणझणीत झालाय” असा आग्रह येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे तक्ते दिले, ते या वाटपाशी जुळत नाहीत. तेरा ते पंधरा वयाच्या मुलाला रोज २२ मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलीला ३०. सोळा ते अठरा या वयात हे आकडे २६ आणि ३२ होतात. मुलीच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जाते, हे त्यामागचे मुख्य कारण. ते चार दिवस घरात बारकाईने पाळले जातात. त्यातले लोह कुठून भरून काढायचे हे पाळण्याच्या नियमांत आलेले नाही.

पुढचे काम मोबाइल करतो. त्याच्या पडद्यावर मुलगी रोज दुसऱ्या मुलींची ताटे आणि कंबरा पाहते, आणि एका सोमवारी पोळी सोडते. मुलगा दुसऱ्या मुलांचे दंड पाहतो आणि जिम लावतो. जिममधला ट्रेनर त्याला दिवसाला सहा अंडी सांगतो, फक्त पांढरा भाग. अंड्यातले लोह, अ आणि ड जीवनसत्त्व बलकात असते. पण ट्रेनरचे स्वतःचे दंड पाहता उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. सहा बलक बशीत उरतात. ते बहिणीने खावेत, इतका सोपा हिशोब या घरात सुटू शकला असता. परंतु ती डाएटवर असते, आणि बाबांचे कोलेस्टेरॉल नुकतेच तपासून झालेले असते. त्यामुळे सोसायटीतले मांजर सध्या तुकतुकीत आहे. मुलासाठी प्रोटीन पावडरचा डबा येतो तेव्हा ती गुंतवणूक समजतात. मुलीने पनीर मागितले तर ते पाहुणे येतील तेव्हा आणायचे ठरते.

मुलीच्या डाएटला उपासाचा आधार मिळतो. चतुर्थीला किंवा गुरुवारी पोळी सोडली की कोणी विचारत नाही, उलट कौतुक होते. उपासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. त्यात प्रथिनेही नाहीत आणि लोहही नावापुरतेच. थोडी लाज राखली जाते ती शेंगदाण्याच्या कुटामुळे. नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ या दिवशी चालत नाही, आणि इतर दिवशी आवडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. मुलांत हे प्रमाण ३१.१ टक्के निघाले, म्हणजे भातावरची धारही सर्वांना पुरलेली नाही. यावर शासनाची निळी गोळी आहे: लोह आणि फॉलिक ॲसिड, आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी, पोटात अन्न गेल्यावर. श्रावणात सोमवारी उपास असतो आणि पुष्कळ शाळा अर्ध्या दिवसाने सुटतात. गोळ्या मग बाईंच्या कपाटात राहतात आणि मंगळवारी वाटल्या जातात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळायचा असतो, कारण त्यातले टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. शाळा सुटून मुलगी घरी पोचते तेव्हा दादाची क्लासला निघण्याची वेळ झालेली असते. त्याला चहा हवा असतो, तो टाकते ती, आणि पातेल्यात पाणी दोघांपुरते घेते.